पाठीवरचा शिक्का

२००४च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, अवघ्या सहा आठवड्यांत, फ्लोरिडाला चार चक्रीवादळांनी झोडपले: चार्ली, फ्रान्सिस, आयव्हन आणि जीन. अनेक छपरांवर अजून ताडपत्र्याच होत्या, तोवर २००५च्या ऑगस्टअखेर कॅटरिना आले. बांध फुटले आणि न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. त्यामागोमाग रीटा आणि विल्मा आल्या. त्याच सुमारास स्वस्त कर्जाच्या जोरावर अमेरिकेत घरबांधणीला उधाण आले होते. एकीकडे वादळात मोडलेली घरे सावरायची, दुसरीकडे नव्या वसाहती झपाट्याने उभ्या करायच्या. या दोन्ही कामांना लागणारी एक साधी वस्तू बाजारात पुरेनाशी झाली. ती म्हणजे भिंत.

अमेरिकेत आतली भिंत दुकानातून विकत आणतात. घराचा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा असतो. दक्षिण फ्लोरिडात वादळांमुळे बाहेरची भिंत बहुधा काँक्रीटच्या ठोकळ्यांची बांधतात, पण आतले अस्तर सगळीकडे सारखेच: दोन जाड कागदांमध्ये दाबून बसवलेल्या जिप्समचा, चार फूट रुंद, आठ फूट लांब आणि अर्धा इंच जाडीचा बोर्ड. याला तिथे ड्रायवॉल म्हणतात. आपल्याकडे फॉल्स सिलिंगसाठी वापरतात तो जिप्सम बोर्ड याच जातीचा. हे बोर्ड स्क्रूने सांगाड्यावर बसवायचे, सांधे टेप आणि लांबीने बुजवायचे, वर रंग मारायचा, की खोली तयार. बोर्डाच्या मागे जी पोकळी राहते तिच्यातून विजेच्या वायरी, पाण्याचे तांब्याचे नळ आणि एसीच्या नळ्या जातात. पुढे जे घडले ते मुख्यतः याच पोकळीत, कोणाच्या नजरेला न पडता घडले.

जिप्सम बोर्ड ही वजनाला जड आणि किमतीला हलकी वस्तू. ती समुद्रापार न्यायची म्हणजे भाड्यातच नफा बुडायचा, म्हणून एरवी ती जिथल्या तिथेच बनते आणि विकली जाते. २००५-०६ साली मात्र अमेरिकी कारखान्यांचा माल पुरेना आणि भाव इतके चढले, की चीनहून जहाजे भरून आणणेही परवडू लागले. फ्लोरिडा, लुइझियाना आणि व्हर्जिनियाच्या बंदरांत हा माल उतरला. एकट्या २००६ साली सुमारे ७० लाख बोर्ड आले. त्यातला बराचसा दोन कंपन्यांचा होता. एक क्नाउफ प्लास्टरबोर्ड तियानजिन, म्हणजे जर्मनीतल्या जुन्या क्नाउफ उद्योगसमूहाची चीनमधली शाखा. दुसरी शानदोंग प्रांतातली ताइशान जिप्सम. तिची मालकी साखळीने वर जात जात चीनच्या सरकारी मालकीच्या उद्योगसमूहापर्यंत पोहोचत होती. पहिलीच्या बोर्डाच्या पाठीवर कंपनीचे नाव छापलेले असे. दुसरीच्या पुष्कळ बोर्डांवर निर्मात्याचे नावच नव्हते. ‘मेड इन चायना’ एवढे शब्द आणि हा माल अमुक क्रमांकाच्या अमेरिकी मानकाला उतरतो, किंबहुना त्याहून सरस आहे, अशी ग्वाही, इतकेच. पाठीवरच्या या शिक्क्याने पुढे हजारो कुटुंबांचे नशीब ठरवले. भिंतीत बसलेला बोर्ड कोणत्या कारखान्याचा, हे त्या कुटुंबांना कधी कोणी सांगितलेले नव्हते.

मानकाबद्दलची ती ग्वाही तपासून पाहण्यासारखी आहे. त्या मानकात बोर्डाची ताकद किती, तो वाकतो किती, खिळा ओढून निघायला किती जोर लागतो, अशा गोष्टी बघितल्या जात. बोर्डात गंधक किती असावे याची मर्यादाच नव्हती, कारण तसा प्रश्न आधी कोणाच्या डोक्यात आला नव्हता. जे मोजतच नव्हते, त्यात माल नापास होणार कसा?

घोटाळा आधी हाती लागला तो एसी दुरुस्त करणाऱ्यांच्या. फ्लोरिडात एसी जवळपास वर्षभर चालतो. थंडावा देणाऱ्या कॉइलच्या तांब्याच्या नळ्या दहा-बारा वर्षे सहज टिकायला हव्यात. नव्याकोऱ्या घरांत त्या वर्ष-दीड वर्षात भोके पडून गळू लागल्या. कॉइल बदलली तरी काही महिन्यांत पुन्हा तेच. उघडून बघावे तर तांबे काळेठिक्कर. मग घरातल्या इतर वस्तूही लोकांच्या लक्षात येऊ लागल्या. टीव्ही, संगणक, मायक्रोवेव्ह वेळेआधी बंद पडत होते. आरशांच्या कडा काळवंडत होत्या. चांदीचे दागिने डबीतल्या डबीत काळे पडत होते. आणि दारे-खिडक्या बंद करून दोन दिवस बाहेरगावी जाऊन आले, की घरात शिरताच सडक्या अंड्यांचा वास येई. काहींना तो काडेपेटीच्या दारूसारखा वाटे. माणसांच्याही तक्रारी होत्या: डोळे चुरचुरणे, कोरडा खोकला, डोकेदुखी, नाकातून रक्त येणे, दमा बळावणे. घराबाहेर राहिले की बरे वाटते आणि परतले की पुन्हा त्रास, असे अनेक जण सांगत होते.

हे सगळे भिंतीतून येते आहे, असा संशय घरात राहणाऱ्याला सहजी येत नाही. वास आला की माणूस आधी गटार बघतो, मग गॅसची नळी, मग मेलेला उंदीर. फ्लोरिडात काही ठिकाणी विहिरीच्या पाण्यालाही गंधकाचा वास असतो, त्यामुळे पाण्यावरही खापर फुटले. अशात महिनेच्या महिने गेले.

ज्यांचा हा धंदा होता त्यांना मात्र २००६ सालीच कुणकुण लागली होती. दक्षिण फ्लोरिडातल्या बॅनर सप्लाय या मोठ्या पुरवठादाराकडे वासाच्या तक्रारी आल्या आणि त्याने त्या क्नाउफच्या कानावर घातल्या. २००७च्या जानेवारीत दोघांत एक गोपनीय करार झाला. क्नाउफने उरलेल्या चिनी बोर्डांच्या बदल्यात दुसरे बोर्ड द्यायचे आणि बॅनरने या मालाबद्दल जाहीर वाच्यता करायची नाही, असा त्याचा मथितार्थ. प्रोपब्लिका आणि सारासोटा हेराल्ड-ट्रिब्यून यांच्या पत्रकारांनी २०१० साली कागदपत्रांच्या आधारे हे उजेडात आणले. या सबंध प्रकरणातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट हीच. खनिजात गंधक निघाले, ते वेळीच कोणाला कळले नाही, हे समजून घेता येते. पण कळल्यानंतर गोदामातला माल बदलून घेतला गेला आणि भिंतीत बसलेल्या मालाबद्दल मौन पाळले गेले. त्या मौनाच्या काळात लोक ती घरे विकत घेत होते, तीस-तीस वर्षांच्या कर्जावर सह्या करत होते, लहान मुलांच्या खोल्या रंगवत होते.

२००९च्या सुरुवातीला बातम्या फुटल्या आणि तक्रारींचा लोंढा आला. लेनार या बलाढ्य बिल्डरने उत्पादक आणि पुरवठादारांवर दावा लावला आणि स्वतः बांधलेली बाधित घरे आपल्या खर्चाने दुरुस्त करायला घेतली. सगळेच बिल्डर इतके तगून नव्हते. घरांचा फुगा तोवर फुटला होता आणि कित्येक लहान बिल्डरांनी दिवाळे काढले होते. फ्लोरिडाच्या आरोग्य खात्याने बोर्डांचे नमुने प्रयोगशाळेत तापवून पाहिले तेव्हा तीन वायू सापडले: हायड्रोजन सल्फाइड, कार्बन डायसल्फाइड आणि कार्बोनिल सल्फाइड. चिनी बोर्डांत स्ट्रॉन्शियमही अधिक आढळले. या वायूंचा तांब्या-चांदीशी संबंध आला की धातूवर सल्फाइडचा काळा थर चढतो. देवघरातली चांदीची भांडी दिवाळीला घासायला काढावी लागतात ती याच क्रियेमुळे. फरक इतकाच, की तिथे वर्षभरात जे होते ते इथे काही आठवड्यांत होत होते, आणि वायरी काही घासून लख्ख करता येत नाहीत.

ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या संघराज्य आयोगाने, म्हणजे सीपीएससीने, चौकशी हाती घेतली. आयोगाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा तपास ठरला. चाळीसहून अधिक राज्यांतून जवळपास ४,००० तक्रारी आल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक फ्लोरिडातून. आयोगाच्या अध्यक्षा इनेझ टेनेनबाउम २००९च्या ऑक्टोबरमध्ये चीनलाही जाऊन आल्या. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत वेगवेगळ्या देशांतले बोर्ड बंद पेट्यांत ठेवून त्यांतून निघणारा वायू मोजला गेला. सर्वाधिक हायड्रोजन सल्फाइड सोडणारे पहिले दहा नमुने चीनमधले निघाले, बहुतेक २००५-०६ साली बनलेले. त्यांतल्या काहींचे प्रमाण चीनबाहेरच्या बोर्डांच्या शंभरपट होते. चीनमधला सगळाच माल असा नव्हता. २००९ साली बनलेल्या नमुन्यांत हे प्रमाण बरेच उतरलेले दिसले. अपायकारक बोर्डांच्या गाभ्यात मूलद्रव्य रूपातले गंधक होते, आणि उष्ण, दमट हवेत वायू जोमाने बाहेर पडत होता. मेक्सिकोच्या आखाताला लागून असलेल्या राज्यांत ऊष्मा आणि दमटपणा दोन्ही मुबलक, त्यामुळे हा माल नेमका जिथे सर्वाधिक अपाय करणार तिथेच जाऊन बसला होता.

आरोग्याच्या प्रश्नावर मात्र रहिवाशांना हवे तसे ठाम उत्तर मिळाले नाही. अशा घरांत राहिलेल्या ११ जणांच्या मृत्यूंच्या कागदपत्रांची छाननी होऊन त्यांचा बोर्डांशी संबंध दिसत नाही असे सांगण्यात आले. अनेक वर्षांनी, २०१४ साली, आरोग्य यंत्रणेने मान्य केले की त्या काळातल्या घरांत वायूंची पातळी डोळे-नाक-घशाला त्रास देण्याइतकी आणि दमेकऱ्यांचा विकार बळावण्याइतकी असू शकत होती. ज्यांनी ते घर सोसले त्यांना हे २००९ सालीच ठाऊक होते.

आता घरमालकाने करायचे काय? आधी आपल्या घरातला बोर्ड तोच आहे हे सिद्ध करायचे. २०१०च्या जानेवारीत सीपीएससी आणि गृहनिर्माण खात्याने त्याची रीत ठरवून दिली. घरात बोर्ड २००१ ते २००८च्या दरम्यान बसलेला असावा आणि तांब्याच्या वायरी किंवा एसीची कॉइल काळवंडलेली असावी, या दोन प्राथमिक अटी. त्यापुढे आणखी पुरावे: बोर्डाच्या गाभ्यात प्रमाणाबाहेर गंधक, बोर्डाच्या पाठीवरचे चिनी बनावटीचे शिक्के, घरात काही दिवस ठेवलेल्या तांब्याच्या पट्टीवर चढलेला सल्फाइड. २००५-०६ साली बांधलेल्या घराला यांतले किमान दोन पुरावे पुरत, इतर वर्षांतल्या घराला चार लागत. यातला शिक्का बघायचा तर भिंत फोडूनच बघावी लागे, किंवा पोटमाळ्यावर गुडघ्यांवर रांगत जाऊन छताच्या बोर्डांची उघडी पाठ बॅटरीने तपासावी लागे. त्यात एकाच घरात अनेकदा वेगवेगळ्या ठिकाणचा माल मिसळलेला असे. एका खोलीतला अमेरिकी, दुसरीतला चिनी, आणि दोन्ही रंगाखाली सारखेच गुळगुळीत.

उपाय एकच होता. वास घालवणारी यंत्रे, ओझोनची फवारणी, खास रंगाचे लेप असे नाना प्रकार विकायला आले. घाबरलेल्या माणसाचा खिसा हलका करणारे व्यापारी प्रत्येक संकटात उगवतात. यातल्या कशानेही बोर्डातले गंधक जात नव्हते. एप्रिल २०१०मध्ये सरकारने जाहीर केलेल्या मार्गदर्शनात सर्व सदोष बोर्ड काढा, विजेच्या सर्व वायरी काढा, गॅसच्या नळ्या, आगीचे फवारे, धुराचे भोंगे, सगळे बदला, असे सांगितले. म्हणजे घराचा सांगाडा तेवढा ठेवून बाकी सगळे उतरवायचे, धूळ खरवडून काढायची, घर हवेशीर मोकळे ठेवायचे आणि पुन्हा नव्याने उभारायचे. यात कित्येक महिने जात आणि तेवढे दिवस कुटुंबाने भाड्याच्या घरात राहायचे, म्हणजे एका हाताने भाडे आणि दुसऱ्या हाताने कर्जाचा हप्ता. पुढे सँडिया प्रयोगशाळेत ४० वर्षांच्या झिजेचे कृत्रिम प्रयोग झाले आणि २०११ साली वायरी सरसकट बदलण्याची अट गेली. स्विच, सॉकेट, सर्किट ब्रेकर आणि भोंगे बदलण्याची अट राहिली. तोवर अनेकांनी वायरींसकट सगळे काढून टाकले होते.

विमा कंपन्यांनी हात वर केले. प्रदूषणाने झालेले नुकसान, गंजण्याने झालेले नुकसान, सदोष मालाने झालेले नुकसान आम्ही भरत नाही, असे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत होते. व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली विमा कंपनीचीच बाजू उचलून धरली. शब्दशः पाहिले तर कलमे खरोखरच तशी होती. पण आयुष्यभर हप्ते भरलेल्या माणसाला घर राहण्याजोगे उरले नाही त्याच दिवशी ती कलमे पहिल्यांदा वाचायला मिळाली. करखात्याने २०१० साली या नुकसानीची करात वजावट देऊ केली, तेवढाच काय तो दिलासा.

देशभरातले खटले २००९च्या जूनमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या संघराज्य न्यायालयात एकत्र आणले गेले. न्यायाधीश होते एल्डन फॅलन. फिर्यादींत सर्व थरांतले लोक होते. न्यू ऑर्लिन्स सेंट्स या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक शॉन पेटन यांचेही घर त्यात होते, आणि क्नाउफविरुद्धच्या एका मोठ्या सामूहिक फिर्यादीला त्यांचेच नाव आहे. दुसऱ्या टोकाला होते म्युझिशियन्स व्हिलेज. कॅटरिनात घरे गमावलेल्या वादकांसाठी हॅरी कॉनिक ज्युनियर आणि ब्रॅनफर्ड मार्सालिस या कलावंतांच्या पुढाकाराने, हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीच्या स्वयंसेवकांनी बांधलेली ही वसाहत. तिथल्या घरांतही चिनी बोर्ड निघाले. पुरात एकदा घर गेलेल्या लोकांना दानशूरांच्या हातांनी बांधून मिळालेले घरही भिंतींपासून पुन्हा खोलावे लागले.

एप्रिल २०१०मध्ये पहिले दोन निवाडे आले. पहिला व्हर्जिनियातल्या सात कुटुंबांचा, ताइशानविरुद्ध. फॅलन यांनी सुमारे २६ लाख डॉलर मंजूर केले आणि दुरुस्तीचा सरासरी खर्च चौरस फुटाला ८६ डॉलर धरला. दुसरा लुइझियानातल्या एका कुटुंबाचा, क्नाउफविरुद्ध, सुमारे १ लाख ६४ हजार डॉलरचा. दोन्हींचा आशय एकच: अर्धवट मलमपट्टी चालणार नाही, सगळे काढावे लागेल. पण इथून दोन्ही बोर्डांच्या वाटा फुटल्या.

क्नाउफ न्यायालयात हजर झाली होती. जर्मनीत मुख्यालय, अमेरिकेसह जगभर व्यवहार, टिकवायचे नाव. २०१०च्या ऑक्टोबरमध्ये तिने ३०० घरे दुरुस्त करण्याची चाचणी योजना मान्य केली आणि २०११च्या डिसेंबरात सर्वंकष तडजोड झाली. क्नाउफच्या खर्चाने कंत्राटदार येणार, घर उतरवून पुन्हा बांधून देणार, त्या काळातले भाडेही मिळणार. ज्यांना रोख हवी त्यांना तो पर्याय. हजारो घरे या मार्गाने दुरुस्त झाली.

ताइशान आलीच नाही. फिर्यादीचे कागद चिनी भाषेत उतरवून, आंतरराष्ट्रीय करारानुसार चीनच्या सरकारी यंत्रणेमार्फत बजावावे लागत. त्याला महिने लागत आणि समोरून उत्तर येत नसे. पहिला निवाडा एकतर्फी लागल्यावर कंपनीचे वकील उगवले आणि अमेरिकी न्यायालयाला आमच्यावर अधिकारच नाही असा वाद घातला. चार वर्षे तो चालला आणि २०१४ साली ती अपिलात हरली. त्याच वर्षी जुलैमध्ये तिला हजर राहण्याचा आदेश असताना ती पुन्हा गैरहजर राहिली. फॅलन यांनी तिला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवले, ४० हजार डॉलर दंड केला आणि खटल्यात भाग घेईपर्यंत तिला व तिच्या संलग्न कंपन्यांना अमेरिकेत व्यवसाय करण्यास मनाई केली. हे मात्र लागू पडले. २०१५ साली ताइशानने पहिल्या निवाड्याची रक्कम भरली आणि ती खटल्यात परतली. तरी साखळीच्या माथ्यावरचा उद्योगसमूह २०१६ साली सुटलाच. परकीय सरकारच्या मालकीचा असल्याने त्याला सार्वभौम संरक्षण आहे, असा निर्णय झाला. अखेर २०१९ साली २४ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड ठरली आणि २०२०च्या जानेवारीत न्यायालयाने ती मंजूर केली.

शेजारी-शेजारी दोन घरे. एकाच वर्षी बांधलेली, एकच वास, एकच काळे तांबे. एकाच्या बोर्डावर क्नाउफचे नाव होते म्हणून ते काही वर्षांत दुरुस्त झाले. दुसऱ्यावर ते नव्हते म्हणून त्याच्या मालकाला दहा वर्षांहून अधिक काळ वाट बघावी लागली. इतक्या वर्षांत किती जणांनी स्वतःच्या निवृत्तीच्या पैशातून घर दुरुस्त केले असेल, किती जणांनी पडेल भावात विकले असेल आणि किती जणांचे बँकेने ओढून नेले असेल, याचा विचार केला की त्या कोट्यवधींच्या आकड्याचे समाधान वाटत नाही.

व्हर्जिनियाचे काँग्रेस सदस्य स्कॉट रिजेल यांनी मांडलेला ड्रायवॉल सुरक्षा कायदा संमत झाला आणि २०१३च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्यावर सही केली. त्याच्यामुळे बोर्डातल्या गंधकाला मर्यादा आली, दहा लाख भागांत दहा. प्रत्येक बोर्डावर निर्मात्याची ओळख छापणे बंधनकारक झाले.

कायदा नव्या बोर्डांना लागू आहे. जुने बोर्ड सगळेच निघालेले नाहीत. म्हणून त्या राज्यांत २००१ ते २००९ या काळात बांधलेले घर विकत घेताना जाणकार तपासनीस अजूनही दोन-तीन स्विचबोर्डांची झाकणे उघडायला लावतात आणि अर्थिंगची उघडी तांब्याची तार तपासतात, एसीच्या कॉइलवर बॅटरी मारतात, पोटमाळ्यावर चढून बोर्डाची पाठ वाचतात. तार लालसर असेल तर पुढची बोलणी सुरू होतात.